पंचवीस लिटरचा ऑल-ग्रेन ट्रायल सेट: नवं भांडं घेण्याआधी साखर कुठे अडकते ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत नव्या रेसिपी तपासायला २५ लिटरचा छोटा ऑल-ग्रेन सेट (तयार अर्क न वापरता थेट माल्टपासून बिअर बनवणारा) लावलाय. ५० लिटरचं पसरट स्टीलचं भगुनं, तळाशी जाळीची नळी, घरगुती शेगडी आणि तांब्याची कॉइल. साडेपाच किलो माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या सातूवर, म्हणजे बार्लीवर) ग्रॅव्हिटी, म्हणजे विरघळलेल्या साखरेने वाढलेली घनता, १.०४८ यायला हवी, ती १.०३८ वर अडकते. निचरा मध्येच थांबतो. एप्रिल-मेमध्ये बिअरला नेलपॉलिशसारखा वास येतो. पंप, कंट्रोलर, नवं भांडं यातलं आधी काय घ्यावं? आणि आपली ज्वारी वापरता येईल का?

कायद्याचं आधी, कारण हे वाचून कुणी घरी मांडामांड करायला नको. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि विनापरवाना बिअर बनवणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरती आणि न विकता बनवली तरी. तुमचं काम परवान्याच्या आवारात चाललंय म्हणून हे उत्तर. तरी २५ लिटरची ट्रायल बॅचसुद्धा नोंदीत कशी दाखवायची आणि नको असेल तेव्हा ओतून कशी द्यायची, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाला आधीच विचारून घ्या.

आता मुद्दा. तुम्ही खरेदीची यादी विचारलीय, पण बहुतेक सेटमध्ये पहिला दोष भांड्यात नसतो. तो मोजमापात असतो, मग भरडीत, मग पाण्यात. भांड्याचा नंबर चौथा.

१.०३८ खरंच १.०३८ आहे का

हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचेची नळी) २० अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. मे महिन्यात तुमच्या खोलीत 'थंड झालेला' नमुनासुद्धा ३५ अंशांवर असतो. तेवढ्या तापमानाला वाचन साधारण ०.००४ ने कमी येतं, ४० अंशांना ०.००६ ने. म्हणजे तुमच्या वर्टची (माल्टमधून निघालेल्या गोड पाण्याची) खरी ग्रॅव्हिटी १.०४२ च्या आसपास असू शकते. नमुना बर्फाच्या पाण्यात धरून २० अंशांवर आणा, मग वाचा. गरम नमुन्यावर तक्ता लावून दुरुस्ती करण्यापेक्षा हे बरं. ६० अंशांच्या वर्टवर तक्त्याचा भरवसा धरू नये, आणि हायड्रोमीटरही तडकतो.

थर्मामीटरही तपासा. बर्फाच्या चुऱ्यात ० आणि उकळत्या पाण्यात १००, असं पुस्तकात असतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. उकळत्या पाण्यात १०० दाखवणारा थर्मामीटर इथे दोन अंश पुढे आहे. भांड्याच्या भिंतीत बसवलेला घड्याळासारखा डायल थर्मामीटर फक्त भिंतीजवळचं तापमान सांगतो. मॅश (गरम पाण्यात भिजत घातलेली माल्टची भरड) ढवळून मधोमध डिजिटल प्रोब धरा, तेच वाचन खरं.

मग हिशेब. १.०४८ ग्रॅव्हिटी म्हणजे लिटरमागे ४८ अंक. चांगल्या बेस (मुख्य, फिक्या) माल्टच्या एका किलोतून जास्तीत जास्त सुमारे ३०० अंक निघतात. साडेपाच किलोंचे १६५०. त्यातून २५ लिटरला १.०४८ हवी असेल तर ४८ गुणिले २५, म्हणजे १२०० अंक मिळाले पाहिजेत, साधारण ७३ टक्के. १.०३८ म्हणजे ९५०, जेमतेम ५८ टक्के. १.०४२ असेल तर ६४. गळती आहेच, पण वाटते तेवढी नाही.

ती कुठे आहे, हे एकाच नमुन्यात कळतं. मॅश संपल्यावर, वरून पाणी घालायच्या आधी, पहिला दाट वर्ट घ्या, थंड करा, मोजा. किलोला ३ लिटर पाणी घातलं असेल तर तो १.०८० ते १.०८५ दरम्यान असायला हवा. १.०७० च्या आसपास आला तर स्टार्चची साखरच पुरती झालेली नाही. दोष भरड, पीएच किंवा तापमानात आहे, आणि अशा वेळी नवी जाळी घेऊन काही होणार नाही. पहिला वर्ट बरोबर आला आणि उकळीच्या भांड्यात मात्र कमी पडतंय, तर साखर चोथ्यात राहतेय. तेव्हाच जाळी, भांड्याचा आकार आणि धुण्याची पद्धत याकडे वळा. हा नमुना घेतल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

भरड

चक्कीवर माल्ट दळून आणू नका. दगडाची चक्की टरफल चिरडते, आणि तेच टरफल पुढे गाळणीचं काम करणार असतं. शिवाय आधीच्या गिऱ्हाइकाची हळद किंवा गहू त्यात येतो तो वेगळाच. मिक्सरचंही तेच. दोन रोलरची हातगिरणी घ्या आणि फटीचं माप गॅरेजवाल्याच्या फिलर गेजने घ्या: १.० ते १.१ मिमी, रोलरच्या दोन्ही टोकांना सारखं. एका टोकाला १.० आणि दुसऱ्याला १.४ अशा गिरण्या खूप दिसतात. त्यात बरेच दाणे नीट न फुटता निघून जातात आणि गिरणी मात्र छान चालतेय असं वाटत राहतं. ड्रिलने फिरवायची तर मिनिटाला १५०-२०० फेऱ्यांवर ठेवा, जास्त वेगात टरफल फाटतं.

मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरून बघा. अख्खा दाणा एकही नको. टरफल दोन-तीन तुकड्यांत पण सलग हवं, आतला पांढरा भाग रव्यासारखा, थोडं पीठ. नुसतं पीठ आणि टरफलाचा भुसा दिसला तर निचरा थांबणार हे आत्ताच लिहून ठेवा.

आपल्याकडे एक गोष्ट जास्त जपावी लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत माल्टचं टरफल ठिसूळ होतं. फट बरोबर असूनही त्याचा चुरा होतो. उपाय सोपा आहे. भरडण्याआधी माल्टच्या वजनाच्या २ टक्के पाणी, म्हणजे साडेपाच किलोला ११० मिली, स्प्रेच्या बाटलीने थोडं थोडं मारत हाताने खालीवर करा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. टरफल चामट होतं, आतला दाणा कोरडाच राहतो. रोलरला चिकटायला लागलं तर पाणी जास्त झालं. काम झाल्यावर रोलर कोरड्या ब्रशने साफ करा, नाहीतर सकाळी गंज. पावसाळ्यात याची गरज नाही. उलट तेव्हा माल्ट हवाबंद डब्यात नसेल तर तो मऊ पडतो आणि त्यात सोंडे होतात.

पाणी

इथे सगळ्यात जास्त बिघडतं आणि सगळ्यात कमी बघितलं जातं. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. पण नुसतं जडपण हा मुद्दा नाही, कॅल्शियम तर मॅशला हवंच असतं. त्रास देते ती त्यातली बायकार्बोनेट क्षारता, जी पीएच खाली उतरू देत नाही. फिक्या माल्टचा मॅश ५.२ ते ५.६ दरम्यान हवा, नमुना थंड करून मोजलेला. इथल्या बोअरच्या पाण्यात तो ५.८ च्या वर सहज राहतो. मग एन्झाइम (माल्टमधले, स्टार्चची साखर करणारे घटक) सुस्त चालतात, साखर कमी निघते आणि टरफलातला तुरटपणा बिअरमध्ये येतो.

टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, त्यातली क्षारता किती हे सांगत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात थेंब टाकून क्षारता मोजायचं किट मिळतं, ते घ्या. दर उन्हाळ्यात पुन्हा मोजा, बोअरची पातळी खाली गेली की आकडे बदलतात. आणि टँकरच्या पाण्याचा आज एक तर उद्या दुसरा.

'लॅक्टिक ॲसिड घातलं की झालं' हा सल्ला सगळीकडे मिळतो. आकडे मांडून बघा. क्षारता लिटरला २५० मिलीग्रॅम असेल आणि एकूण पाणी ३८ लिटर, तर ती पूर्ण मारायला ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड सुमारे १६ मिली लागतं. पंचवीस लिटर बिअरमध्ये एवढं ॲसिड जिभेला कळतं, ताकासारखी आंबटसर झाक येते. म्हणून आधी आरओचं पाणी मिसळा. तीन भाग आरओ, एक भाग बोअर केलं की क्षारता साठच्या आसपास येते आणि ॲसिड चार मिलीपुरतं उरतं. तेही एकदम ओतायचं नाही. आधी निम्मं, दहा मिनिटांनी पीएच बघून मग बाकीचं.

सगळंच पाणी आरओचं वापरत असाल तर ते उपाशी पाणी आहे. ३८ लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि ३ ग्रॅम जिप्सम घाला, कॅल्शियम लिटरला पन्नासच्या थोडं वर जातं. हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा टोकदार हवा तर जिप्सम वाढवा, गोलसर हवा तर क्लोराइड. दोन्ही खाण्याच्या दर्जाचं घ्या. शेतीचं जिप्सम नको, बांधकामाचं तर नकोच.

जायकवाडीवरून येणारं नळाचं पाणी बोअरपेक्षा हलकं असतं, पण त्यात क्लोरीन असतो आणि टाकीत कुणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर भरपूर. तो माल्टमधल्या फिनॉलशी जुळला की बिअरला डेटॉलचा वास येतो आणि मग काहीही केलं तरी जात नाही. ४० लिटरला पाव ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ढवळून पाच मिनिटं. एवढ्यावर भागतं.

मॅशचं भांडं

भांड्यापुरतं बोलायचं तर तुमचं भगुनं पसरट आहे, हा खरा दोष. साडेपाच किलो माल्टचा ओला चोथा साधारण १२ लिटर जागा घेतो. ४५ सेंटिमीटर व्यासात तो फक्त साडेसात-आठ सेंटिमीटर जाड बसतो. एवढ्या पातळ थरातून पाणी सोपी वाट धरून खाली जातं, बाकीचा चोथा गोडच राहतो. ३२ सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या डब्यात तोच थर १५ सेंटिमीटर होतो आणि गाळणीही नीट लागते. उंची ४० सेंटिमीटर पुरे. तुमचा मॅश सुमारे २० लिटरचा, तो २५ सेंटिमीटरवर येईल, ढवळायला जागा राहील. पसरट भगुनं फेकू नका, ते उकळायला उत्तम आहे.

पत्रा ३०४ ग्रेडचाच घ्या. भांडी बाजारात 'स्टील' म्हणून २०२ सर्रास मिळतं, आणि चुंबक लावून दोन्हीतला फरक कळत नाही. स्टीलच्या व्यापाऱ्याकडे तपासणीचे थेंब असतात, समोर टाकून दाखवायला सांगा. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) भगुनं उकळायला चालतं, पण कॉस्टिक सोड्याने धुतलं की ते खाल्लं जातं. धुणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर ठेवूच नका.

तळाची जाळी: ३०४ चा दीड मिमी पत्रा, २ मिमी भोकं, भोकाच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत साडेतीन मिमी. खाली २० मिमीचे पाय, नाहीतर चोथ्याच्या वजनाने पत्रा मधे बसतो. कडेला फट राहिली तर बाकी सगळी मेहनत वाया, कारण दाणे तिथूनच खाली जातात आणि व्हॉल्व्ह चोंदतो. सिलिकॉनची नळी उभी चिरून जाळीच्या कडेला चढवा, भिंतीशी घट्ट बसते. जाळीखाली दीड लिटर वर्ट अडकतो. तो मिळवायचा तर व्हॉल्व्हच्या आतून एक वाकडी नळी तळाला ३ मिमी शिल्लक ठेवून उतरवा.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाला हे काम करून देईल. फक्त दोन गोष्टी कागदावर लिहून द्या. पहिली, आर्गन वेल्डिंग करताना सांध्याच्या आतल्या बाजूलाही आर्गन सोडायचा. तसं केलं नाही तर आत काळी खरबरीत पापुद्री येते आणि ती कितीही घासली तरी जंतू तिथे टिकून राहतात. बोट फिरवून बघा, साखर लागल्यासारखं वाटलं तर काम परत करा. दुसरी, आटे. इथे सगळं अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश मापाचे आटे) मिळतं, बाहेरून मागवलेले ब्रूइंगचे सुटे भाग अमेरिकन एनपीटीचे असतात. अर्ध्या इंचाला दोन्हीचे आटे इंचाला १४ च, म्हणून दोन-तीन फेरे झकास बसतात. पण कोन ५५ आणि ६० अंशांचा वेगळा आहे, म्हणून शेवटी गळतात. टेफ्लॉन टेपचे वेढे देऊन ते थांबेलच असा भरवसा नसतो. सगळं बीएसपीच ठेवा. व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा, खोलून धुता येणारा घ्या. साध्या बॉल व्हॉल्व्हमध्ये गोळ्याच्या मागे मागच्या बॅचचा वर्ट सडत राहतो.

भांड्याला बाहेरून एसीच्या पाइपला लावतात तो १९ मिमीचा काळा नायट्राइल रबर दोन थर गुंडाळा. झाकणावरही. डिसेंबरच्या पहाटे मॅशचं तापमान तासाभरात दोन-तीन अंश पडतं ते याने बरंच आटोक्यात येतं.

पाण्याचा हिशेब असा बसतो. मॅशला १६.५ लिटर. चोथा पिऊन टाकेल साडेपाच, खाली अडकेल एक-दीड. उकळीआधी ३१ लिटर हवेत, त्यातले चार वाफेत जातील आणि दोन गाळात. म्हणजे एकूण ३८ च्या आत-बाहेर, त्यातले चोथा धुवायला २१. मॅश ६७ अंशांवर बसवायचा तर सुरुवातीचं पाणी किती गरम, हे माल्टच्या तापमानावर ठरतं. मेमध्ये माल्ट ३५ अंशांवर असताना ७१.५ पुरतं. डिसेंबरमध्ये माल्ट १८ वर, तेव्हा ७३.५ ते ७४ लागतं. भांडं थंड असेल तर एक अंश आणखी. वर्षभर एकच आकडा धरला की उन्हाळ्यात मॅश गरम बसतो आणि बिअर गोडसर राहते.

धुण्यासाठी फिरतं कारंजं लावायच्या भानगडीत पडू नका, एवढ्या सेटला त्याची गरज नाही. पहिला वर्ट पूर्ण काढा, मग साडेदहा लिटर पाणी ७६ अंशांचं घालून नीट ढवळा, दहा मिनिटं थांबा, पहिले दोन-तीन लिटर परत वर ओता, मग काढा. हेच दुसऱ्यांदा. शेवटच्या वर्टची ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली गेली तर पुढचं घेऊ नका, तिथून पुढे तुरटपणाच येतो.

निचरा थांबला तर लोक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतात. नेमकं उलट करायचं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की चोथा ओढला जाऊन जाळीवर चिखलासारखा दाबून बसतो. सुरुवात पाव उघडून करा, मिनिटाला लिटरभर धार. तरीही अडकलं तर व्हॉल्व्ह बंद करा आणि त्याच तोंडातून उलट दोन लिटर ७६ अंशांचं पाणी आत सोडा. थर तरंगतो, ढवळा, पाच मिनिटं बसू द्या, पुन्हा सावकाश. पंप याच कारणासाठी आत्ता घेऊ नका. हाताने निचरा नीट जमत नसेल तर पंप तोच चोथा अजून जोरात दाबणार.

जाळ

तासाला चार लिटर पाणी वाफेत घालवायला अडीच किलोवॅट उष्णता भांड्याच्या आत पोचावी लागते. उघड्या शेगडीवर निम्मी बाहेर जाते, म्हणजे बर्नर पाच किलोवॅटचा हवा. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर याच्या निम्म्यावर येतो, म्हणून तुमचा वर्ट उकळत नाही, नुसता हलतो. अशा मंद उकळीत उकडलेल्या मक्यासारखा वास बिअरमध्ये राहतो. केटरिंगवाल्यांचा भट्टी बर्नर, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, त्याला चालणारा रेग्युलेटर, आणि भोवती तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा. बंद खोलीत मात्र नाही. झाकण पूर्ण लावून उकळू नका, तो वास वाफेबरोबर बाहेर जायला हवा.

विजेवर करायचं तर ३ किलोवॅटला १३ अँपिअर लागतात. वेगळी १६ अँपिअरची लाइन, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग. बादलीत टाकायचा हिटर रॉड वर्टमध्ये घालू नका. साखर त्यावर करपते आणि इन्सुलेशनचा भरवसा नसतो.

थंड करणं

कॉइलला दोष देऊ नका. बारा-पंधरा मीटरची तीन-अष्टमांश इंची तांब्याची कॉइल २५ लिटरला पुरेशी आहे. मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी ३६-३८ अंश असेल तर वर्ट त्याखाली जाणारच नाही, कॉइल दुप्पट केली तरी.

दोन टप्पे करा. पहिल्यात नळाचं पाणी, ९८ वरून ४५ पर्यंत. याला साठ-सत्तर लिटर जातात. ते ड्रममध्ये धरा, पहिले वीस-तीस लिटर चांगले गरम असतात, भांडी धुवायला तेच वापरा. मराठवाड्यात हे पाणी गटारीत सोडणं कुणालाच परवडणार नाही. दुसऱ्या टप्प्यात एका टबात बर्फाचं पाणी आणि कूलरची मोटर, तेच पाणी कॉइलमधून फिरवत राहायचं. २५ लिटर ४५ वरून २० ला आणायला हिशेबाने साडेसहा किलो बर्फ लागतो, प्रत्यक्षात दहा धरा. बर्फ पहिल्या टप्प्यात घातला तर दहा मिनिटांत संपतो आणि ६० अंशांवरच अडकायला होतं. कूलरची मोटर फक्त थंड पाण्यासाठी. ती वर्टमध्ये बुडवायची नाही.

कॉइल सतत हलवत राहा. स्थिर कॉइलभोवतीचा वर्ट गार होतो आणि बाकीचा तसाच राहतो.

आंबवणं, म्हणजे तुमच्या वासाचं मूळ

नेलपॉलिशचा वास पहिल्या तीन दिवसांच्या उष्णतेतून येतो. यीस्ट स्वतः उष्णता तयार करतं, आतला वर्ट खोलीपेक्षा तीन-चार अंश वर चढतो. खोली ३० वर असेल तर यीस्ट ३४ वर काम करतंय. साधं एल बिअरचं यीस्ट १८ ते २० मध्ये हवं. कूलरसमोर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवणं हा माठाचाच प्रकार. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो चालतो, पण २४-२५ च्या खाली नेत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की तेवढंही नाही.

म्हणून पहिला मोठा खर्च इथे करा: जुना एका दाराचा फ्रीज आणि एसटीसी-१००० जातीचा तापमान कंट्रोलर. फ्रीज घेण्याआधी भांड्याचा व्यास आणि उंची मोजून जा. खाली कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो आणि वरचा फ्रीझर कापता येत नाही, त्यातूनच गॅसची नळी गेलेली असते. भांडं म्हणून ३०४ ची ३० लिटरची दुधाची कॅन छान. तोंड मोठं, हात घालून धुता येते, झाकणाला रबर असतो. झाकणात एक भोक पाडून रबरी बूच आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी नळी) बसवला की झालं.

कंट्रोलरचा प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. कॅनच्या भिंतीला, वर्टच्या पातळीखाली चिकटवा आणि वर थर्माकोलचा तुकडा लावून टेपने बांधा. हवेचं तापमान धरलं तर फ्रीज १८ दाखवत राहतो आणि आत २२ असतं. सेटिंग १८, फरक अर्धा अंश, कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी पाच मिनिटांचा विलंब. वीज लपंडाव खेळते तिथे हा विलंब नसेल तर कॉम्प्रेसर एका उन्हाळ्यात जातो. स्टॅबिलायझरही लावा. लाइट चार-सहा तास गेली तर दोन-दोन लिटरच्या बर्फाच्या तीन बाटल्या कॅनभोवती ठेवा. त्या दुसऱ्या फ्रीजमध्ये गोठवाव्या लागतात, १८ वर चालणाऱ्या या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये बर्फ धरत नाही.

फ्रीज येईपर्यंत मेमध्ये काम थांबवायचं नसेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट वापरा. ते ३० ते ३८ अंशांतही फार बिघडत नाही, संत्र्याच्या सालीसारखी फळांची छटा देतं. लेगर (थंडीत आंबवायची बिअर) मात्र त्याने होत नाही.

ज्वारी

चालते, पण माल्टसारखी थेट टाकून नाही. सातूचा स्टार्च ६० ते ६५ अंशांना फुलतो, म्हणून ६७ च्या मॅशमध्ये त्याचं काम होतं. ज्वारीचा ६८ च्या पुढे सुरू होऊन ७८ पर्यंत जातो. तिथे पोचेपर्यंत माल्टची बरीच एन्झाइम मरतात. कच्च्या कण्या मॅशमध्ये टाकल्या तर साखर निघत नाही, बिअर गढूळ होते आणि निचरा अडकतो, तिन्ही एकदम.

साडेपाच किलोंत एक किलोपर्यंत पांढरी ज्वारी, मालदांडी चालेल. गडद लाल दाण्याच्या काही जातींत टॅनिन जास्त असतं, त्या टाळा. गिरणीवर कण्या काढून घ्या, पीठ चाळून बाजूला करा. एक किलो कण्या आणि सव्वाशे ग्रॅम माल्टची भरड पाच लिटर पाण्यात, ७० अंशांवर पंधरा मिनिटं. माल्टशिवाय ती घाट्यासारखी घट्ट होऊन तळाला लागते, माल्टमुळे पातळ राहते. मग ढवळत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं उकळा. तोवर बाकीचा माल्ट साडेअकरा लिटर पाण्यात ५५ अंशांवर बसवून ठेवा. उकळती ज्वारी त्यात ओतली की एकूण मॅश ६७ च्या जवळ येतो. सगळी एकदम ओतू नका, शेवटचा लिटर हातात ठेवून थर्मामीटर बघा. ६७ झालं तर उरलेला तसाच थंड होऊ द्या आणि पंधरा मिनिटांनी घाला.

ज्वारीला टरफल नसतं, म्हणून गाळणीचा थर कमकुवत होतो. भाताचा तूस दोनशे ग्रॅम, दोनदा गरम पाण्याने धुऊन, मॅशमध्येच मिसळा. धुतला नाही तर त्याची माती आणि गवताचा वास बिअरमध्ये उतरतो. आणि पहिली ज्वारीची बॅच शंभर टक्के माल्टवर सेट ७० टक्क्यांच्या वर स्थिर झाल्यावरच लावा. नाहीतर ग्रॅव्हिटी कमी आली की दोष ज्वारीचा की भरडीचा, हे कळायला मार्ग राहत नाही.